बसलीच आहेस तर…

आमच्या बिल्डिंगला जमिनीखाली दोन मजले पार्किंग आहे. लिफ्टमध्ये त्यांची बटणं –१ आणि –२ अशी आहेत. २०२१ च्या पावसाळ्यात, शाळा अजून मोबाइलवरच भरत होत्या तेव्हा, शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन आली. "काकू, उणे दोन हे उणे एकपेक्षा लहान कसं? दोन तर मोठे ना?" तिला घेऊन लिफ्टमध्ये शिरले. सातव्या मजल्यावरून खाली निघालो. तळमजला गेला, –१ गेला, –२ ला दार उघडलं. समोर अंधार, ओल आणि कोणाची तरी बंद पडलेली स्कूटर. ती जरा वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे जेवढं खाली तेवढं लहान." मग स्वतःच बटणं दाबत –१ ला गेली, परत –२ ला आली. असं तीनदा. आपण शिक्षिका व्हावं, हे मनात आलं ते तिथेच.

मी तेव्हा रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटीला होते, दहा वर्षं. बी.एस्सी. केमिस्ट्री. नमुने तपासायचे, नोंदी ठेवायच्या, ऑडिट आलं की आठवडाभर फायलींमध्ये बुडायचं. काम वाईट नव्हतं, पगार एक तारखेला व्हायचा. सकाळी कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला यायला घोडबंदर रोडवर कधी पाऊण तास, कधी सव्वा तास. मग दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी, ऐरोलीनंतर रबाळे. संध्याकाळी तेच उलट. घरी लेक आठ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाई. त्या नसत्या तर माझी नोकरी दोन वर्षंही टिकली नसती. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्याविषयीची तक्रार वाटायला नको.

शिक्षिका व्हायचं तर बी.एड. हवं. दोन वर्षांचं, पूर्णवेळ. थिअरी आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शाळेतल्या छात्रसेवाकालाला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. नोकरी करून जमेल का, हे मी तीन ठिकाणी विचारलं. "मॅनेज होतं" म्हणणारे भेटतात, पण ज्या कामासाठी आपण चाललोय त्याची सुरुवातच खोट्या हजेरीने करायची हे मनाला पटेना. म्हणजे नोकरी सोडायची. माझे ४६ हजार महिन्याला बंद, घराचा हप्ता चालू. नवरा आणि मी डिसेंबर २०२१ मध्ये दोन रविवार वही घेऊन बसलो. गावी जाणं वर्षातून एकदा, नवी गाडी रद्द, लेकाचा क्रिकेटचा क्लास चालू ठेवायचा (याच्यावर तो अडून राहिला, लेक नव्हे, नवरा). पुढचे दहा महिने माझ्या पगारातले वीस हजार बाजूला टाकायचे ठरलं. तुमच्या डोक्यात असं काही असेल तर अर्ज भरण्याआधी हे दोन रविवार काढा. आमची भांडणं तेव्हाच होऊन गेली, त्यामुळे पुढे कमी झाली.

कागदपत्रांत माझे चार महिने गेले, कारण मी दोन नावांची बाई होते. पदवीवर, दहावी-बारावीवर माहेरचं नाव. आधारवर, पॅनवर सासरचं. पीएफला पुन्हा माहेरचं, कारण नोकरीला लागले २०११ ला आणि लग्न झालं २०१२ ला. आणि दोन्ही बायका एकच आहेत हे सांगणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आमच्याकडे नव्हताच. लग्न झालं, अल्बम आला, नोंदणी "करू की" म्हणत राहून गेली. दहा वर्षांनी ती करायची तर महापालिकेच्या प्रभाग समितीत अर्ज, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. पत्रिका माझ्या आईने पितळी डब्यात जपून ठेवली होती. गुरुजी डोंबिवलीला, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या घरी गेलो तर त्यांना आमचं लग्न आठवत नव्हतं, पण त्या दिवशी कार्यालयात वीज गेली होती हे आठवत होतं. "अंतरपाट धरला आणि दिवे गेले, ते तुम्ही काय!" म्हणाले. सही करताना हात थरथरत होता म्हणून त्यांनी आधी कोऱ्या कागदावर दोनदा गिरवून पाहिली, मगच अर्जावर केली.

दाखला मिळाल्यावर नावबदलाची जाहिरात शासनाच्या राजपत्रात दिली. अर्ज ऑनलाइन होतो, मला छापून यायला तीन आठवडे लागले. त्याचबरोबर सेतूतून वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला काढला, पदवीनंतरच्या चौदा वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र केलं. सगळं मिळून खर्च तीन हजारांच्या आत, पण अर्ध्या दिवसाच्या सात रजा गेल्या. ज्यांची लग्नं झालीत आणि नोंदणी नाही, त्यांनी कशासाठीही न थांबता ती आधी करून घ्यावी. साक्षीदार आणि गुरुजी आपल्यासाठी थांबून राहत नाहीत.

बी.एड.ची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. संगणकावर, १०० प्रश्न, ९० मिनिटं: बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांसाठी ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणी वेगळी असते, मी तीही दिली, पर्याय वाढतात. क्लास लावला नाही. जाता-येता ट्रेनमध्ये अभ्यास केला.

आणि घरी? घरी रात्री दहानंतर जेवणाच्या टेबलावर बसायचे. इथेच मला पहिल्यांदा काहीतरी टोचायला लागलं, पण तेव्हा त्याला नाव देता आलं नाही.

राजीनाम्याचा पेच सगळ्यात कठीण. आमच्याकडे नोटीस दोन महिन्यांची होती आणि प्रवेश फेरीत जागा मिळाली की हातात चार-पाच दिवस मिळतात. जागा मिळाल्यावर राजीनामा द्यायचा तर नोटीस पुरी होत नाही, आधी द्यायचा तर जागेची खात्री नाही. मी २६ सप्टेंबरला राजीनामा दिला, जागेची खात्री नसताना. त्या दिवशी घटस्थापना होती. सासूबाई घट बसवत होत्या, मी शेजारी बसून मोबाइलवर मेल पाठवला आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. माझ्या हाताला कंप होता, तो त्यांना दिसला असणार. त्या काही बोलल्या नाहीत.

पहिल्या फेरीत मिळालेलं महाविद्यालय घरापासून दोन तासांवर होतं. ते नाकारून दुसऱ्या फेरीची वाट पाहिली, ते दिवस फार वाईट गेले. दुसऱ्या फेरीत ठाण्यातलं मिळालं. विनाअनुदानित, दोन वर्षांची फी मिळून ९० हजारांच्या आसपास. २५ नोव्हेंबरला कंपनीतून बाहेर पडले, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात बसले.

नोकरी सोडणाऱ्यांसाठी पैशाचं जरा सविस्तर लिहिते, कारण मला हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. मी सोडली तेव्हाचा हिशोब असा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं, भागिले २६. माझं मूळ वेतन २४ हजार, वर्षं ११, म्हणजे १,५२,३०८ रुपये. कायद्याने ती तीस दिवसांत द्यायची असते. मला मार्च २०२३ मध्ये मिळाली आणि तीही तीन फेऱ्यांनंतर. पहिल्या हप्त्याची फी भरायला आम्हाला मुलांच्या नावाची ठेव मोडावी लागली, हे मला आजही आठवलं की लागतं. तेव्हा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि उशीर झाला तर त्यावर साधं व्याज मागता येतं हे त्यांना पत्रातच लिहा. पीएफच्या नावाची दुरुस्ती मात्र कंपनीत असतानाच करून घ्या. माझ्या वेळी त्याच्या अर्जावर, म्हणजे जॉइंट डिक्लरेशनवर, कंपनीची सही लागायची, आणि बाहेर पडलेल्या माणसाच्या कागदावर सही करायला कोणालाच घाई नसते. पीएफचे पैसे मी काढले नाहीत. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असली की पेन्शनचा भाग रोख मिळत नाही, त्याची सेवा पुढे धरली जाते. तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, नव्या नोकरीत दिला की झालं.

आता ते टोचणारं.

कंपनीत होते तेव्हा मी रोज अकरा-बारा तास घराबाहेर असायचे. मुलांच्या गॅदरिंगला पोहोचले नाही, धाकटीला ताप असताना ऑडिटला गेले, तरी घरात कोणी काही म्हटलं नाही. सगळे सांभाळून घ्यायचे. बी.एड.ला मी साडेतीनपर्यंत घरी यायला लागले आणि चारला टेबलावर पाठांची टाचणवही उघडून बसले की सासूबाई समोर गवारीची परात ठेवायच्या. "बसलीच आहेस तर एवढी मोडून दे." लेक यायचा, "आई, तू बसलीच आहेस तर माझी बॅट शोध ना." नवरा फोन करायचा, "तू घरीच आहेस ना, गॅसवाला येईल." एकही मागणी चुकीची नव्हती. गवार तर मोडायला हवीच. पण तासाभरात पाचदा उठून परत बसलं की हातातलं पेन कुठल्या वाक्यावर थांबलं होतं तेही आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर माझंही तसंच व्हायचं. समोर सासूबाई एकट्या भाजी निवडताहेत आणि मी वाचत बसलेय हे मलाच बघवायचं नाही. पगार आणत होते तेव्हा माझा वेळ माझ्या हक्काचा होता. आता उलट फी भरत होते, आणि अभ्यासाला बसलेली बाई घरात रिकामी बसल्यासारखीच दिसते.

मी दोनदा भांडले. दोन्ही वेळा नंतर मीच रडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका वर्गमैत्रिणीने अभ्यासिकेत जागा घेतली होती, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. महिन्याला ७०० रुपये. मुलं बहुतेक एमपीएससीची, मी सगळ्यात मोठी. पण दुपारी घरी येऊन, मुलांना खाऊ देऊन, पर्स खांद्याला लावून, चपला घालून "येते" म्हणून दाराबाहेर पडले की कोणी काही विचारत नव्हतं. घराला बाहेर जाणाऱ्या बाईची सवय होती. साडेसहाला परत यायचे, मग गवार मोडायला मनापासून बसायचे. महिन्या-दीड महिन्याने सासूबाई कोणाला तरी फोनवर म्हणताना ऐकलं, "सूनबाई अभ्यासाला गेलीय, आल्यावर कर." "बाहेर गेलीय" नव्हे, "अभ्यासाला गेलीय". मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत आले होते, ती न घेताच हळूच दार ओढून घेतलं.

बी.एड.चा अभ्यासक्रम इथे सगळा लिहीत नाही, पण सूक्ष्म अध्यापनाविषयी लिहायलाच हवं. एका वेळी एकच कौशल्य घेऊन पाच-सहा मिनिटांचा पाठ आपल्याच वर्गमित्रांसमोर घ्यायचा. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठाकडे वळवणं), प्रश्न, स्पष्टीकरण, प्रबलन (उत्तराला शाबासकी देणं), फलकलेखन. अकरा वर्षं परदेशी ऑडिटरांसमोर बोललेली मी, पण फळ्यावर माझी प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरायची. मॅडमनी शेऱ्यात तेवढंच लिहिलं: "ओळ". मी १८० रुपयांचा गुंडाळी फळा आणला आणि मुलांच्या खोलीच्या दाराला लटकवला. लेकाने मागे उभं राहून बघितलं आणि शोध लावला: "तू लिहिताना सरकतच नाहीस. हात लांबवतेस. प्रत्येक शब्दाला एक पाऊल टाक." रोज दहा ओळी, महिनाभर. तो जमिनीवर बसून "पाऊल!" असं ओरडायचा.

छात्रसेवाकालात मला मराठी माध्यमाच्या एका शाळेत आठवीचा वर्ग मिळाला. नैसर्गिक दर्शकांचा, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंग बदलून सांगणाऱ्या पदार्थांचा, पाठ होता. आदल्या रात्री गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळत घातले, ओटा पिवळा झाला. सकाळी प्रत्येक बाकावर एक पट्टी आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब. मागच्या बाकावरचा, ज्याच्याविषयी "त्याच्याकडे लक्ष देऊ नका" असं मला आधीच सांगून ठेवलं होतं, तो उभाच राहिला. "मॅडम, लाल झालं! आमच्या आईच्या साडीला असंच होतं, हळदीचा डाग धुताना!" अकरा वर्षं मी आम्ल आणि आम्लारी मोजत होते. कोणी तरी त्यावर उडी मारलेली पहिल्यांदा बघितली. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तर मग आज घरी आईला सांग, का होतं ते." दुसऱ्या दिवशी तो सांगून आला होता.

जून २०२४ मध्ये चौथ्या सत्राची परीक्षा संपली आणि ७ जुलैला सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा. बी.एड.च्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो, मी मार्चमध्ये एका पेपरचे १००० रुपये भरून ठेवले होते. पेपर दोन, सहावी ते आठवीसाठी, १५० गुणांचा: बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, गणित-विज्ञान ६०. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. मला ८६ मिळाले. चार गुण. विज्ञान चांगलं गेलं होतं, बालमानसशास्त्रात मार खाल्ला, कारण "ते तर बी.एड.ला झालंय" म्हणून मी ते उघडलंच नव्हतं. तुम्ही ही चूक करू नका. भाषेला मराठी घेता येते, पण बाकी पेपर हिंदी-इंग्रजीतच असतो, म्हणून मानसशास्त्राचे शब्द त्या भाषांत एकदा डोळ्यांखालून घाला. १४ डिसेंबरला परत दिली, जानेवारीत निकाल लागला, ९८. आता ही पात्रता आयुष्यभरासाठी आहे.

मधल्या काळात, दिवाळीनंतर, एका खासगी शाळेत लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी, १४ हजारांत काम केलं. एप्रिलनंतर ते संपलं. अनुदानित शाळांसाठी शासनाचं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, त्यासाठी आधी टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटी आणि शिवाय शिक्षक अभियोग्यता चाचणी, असा तो वेगळा लांबचा रस्ता आहे. त्या रस्त्याने मी गेले नाही, घराला आणखी थांबणं परवडणारं नव्हतं. मे महिन्यात सात शाळांत अर्ज दिले, तीन ठिकाणी डेमो पाठ घेतले. १६ जून २०२५ ला, शाळा उघडल्या त्या दिवशी, सध्याच्या शाळेत रुजू झाले. पगार २४ हजार. आधीच्या जवळपास निम्मा. घराच्या कर्जाची मुदत दोन वर्षांनी वाढवून घेतली, अजून क्रिकेटचा क्लास चालू आहे. साडेतीन वर्षांत या सगळ्याला फी, अर्ज, पुस्तकं, अभ्यासिका, चार्ट आणि प्रवास धरून सव्वा लाखाच्या वर खर्च झाला, न मिळालेला पगार वेगळा.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणी डबा नीट खाल्ला नाही. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंना तेवीस वर्षं झाली आहेत. वय अठ्ठेचाळीस. मला फळा दोन भागांत कसा वापरायचा हे त्यांनी शिकवलं. त्यांनी २३ नोव्हेंबरच्या टीईटीचा अर्ज भरला आणि मला म्हणाल्या, "तुमच्या बालमानसशास्त्राच्या नोट्स द्याल?"

दिल्या. आठवड्याने विचारलं, किती झालं? त्या हसल्या. "अहो, घरी बसलं की कोणी ना कोणी येतंच. काल नातीला झोपवत वाचलं, आधी मीच झोपले."

आमची शाळा सकाळची, पाऊणला सुटते. प्रयोगशाळेची एक किल्ली माझ्याकडे असते. त्या दिवसापासून आम्ही दोघी पावणेदोनपर्यंत तिथे बसतो. मी दुसऱ्या दिवशीचं साहित्य काढते, त्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात. खिडकीला दोरी बांधून मी हळदीचे कागद वाळत घातले होते, त्याच्याखाली बसून त्या एकेका पर्यायावर पेन्सिलीने फुली मारत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कधी येताय असं काहीतरी विचारलं असावं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाल्या, "शाळेत काम आहे. दोनला निघते." मग फोन पालथा ठेवला आणि पुढचं पान उलटलं.